टोपीवाला, मफलरवाला आणि जाकीटवाला

कपड्यांच्या त्या चार मजली दुकानात त्याला सगळे बोका म्हणत, आणि त्याला त्याचा राग येत नसे. उलट अभिमानच होता. त्याचं कामच तसं होतं. अंगावर गणवेश नाही, हातात काठी नाही. गिऱ्हाइकात गिऱ्हाईक होऊन हिंडायचं आणि ज्याचे हात शिवशिवतायत असा माणूस दिसला की त्याच्या मागे लागायचं. पावलांचा आवाज येता कामा नये. नजरेला नजर द्यायची नाही. आणि मुख्य म्हणजे एकाच अवतारात दोनदा दिसायचं नाही. खालच्या मजल्यावर डोक्याला टोपी असेल तर वरच्या मजल्यावर ती खिशात जायला हवी आणि गळ्यात मफलर यायला हवा. शर्टावर शर्ट चढवून निघालेली कितीतरी माणसं त्यानं दारात अलगद धरली होती, आणि त्यातल्या बहुतेकांनी तोंडाचा आ करून एकच प्रश्न विचारला होता, तू इतका वेळ होतास कुठे?

अशा माणसाला मुलगी असावी आणि ती उजाडायच्या आत एकटी पळायला जात असावी, म्हणजे पुढचं कुणीही ओळखावं.

मुलीचं घरातलं नाव टिल्ली. लहानपणी ती खरोखरच टिल्ली होती. पुढे ती आईबापाच्या डोक्यावरून वाढली, नाव मात्र तेवढंच राहिलं. तिला अग्निशमन दलात जायचं होतं. लेखी परीक्षा पार पडली होती, आता धावण्याची चाचणी उरली होती. ती हुकली तर वयाची अट आडवी येणार आणि ते दार कायमचं बंद होणार. म्हणून टिल्ली रोज पहाटे उठून तळ्याला फेऱ्या मारायची. आई तिच्या जाकिटावर चमकत्या पट्ट्या शिवून द्यायची, आणि बाप सूचना द्यायचा.

सूचनांना तोटा नव्हता. समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूनं पळायचं. गाणं ऐकायचं तर एकाच कानात, दुसरा कान मोकळा. फोन भरलेला हवा. आणि भीती वाटली तर शूरपणा करायचा नाही, जवळ जो भला माणूस दिसेल त्याच्या शेजारी जाऊन उभं राहायचं. टिल्ली बुटाची नाडी बांधता बांधता सगळ्याला हो म्हणायची. सूचना पटल्या म्हणून नव्हे, त्या लवकर संपाव्यात म्हणून.

पण पोरीनं हो म्हटलं म्हणून ज्याचा जीव भांड्यात पडेल तो बाप कसला! त्यातच पलीकडच्या वस्तीत पळायला गेलेल्या एका बाईला कुणीतरी झुडपात ओढल्याची बातमी आली. बाई ओरडली म्हणून वाचली. बोक्यानं ती बातमी वाचली आणि त्याची झोप उडाली. टिल्लीला बंदी घालावी तर चाचणी बुडते, आणि सोबत येतो म्हणावं तर ती फाडकन नाही म्हणणार. मग त्यानं त्याला जे उत्तम येत होतं तेच केलं. दुकानात नवा माल उतरतोय, लवकर जावं लागतं, असं बायकोला सांगून तो टिल्लीच्या आधी घराबाहेर पडू लागला. डब्याच्या पिशवीत, डब्याच्या खाली, लाल टोपी, काळा मफलर आणि राखाडी जाकीट असायचं.

आता बोक्याचं पोट पुढे आणि गुडघे कुरकुरणारे. टिल्लीच्या मागे धावणं त्याच्या बापजन्मात जमणारं नव्हतं. पण तळ्याच्या आतल्या बाजूला गल्ल्या होत्या. ती वळसा घालून येईपर्यंत तो गल्लीतून आडवा जाऊन पुढच्या वळणावर झाडाआड उभा राहायचा. पहिल्या वळणावर टोपी, दुसऱ्यावर मफलर, तिसऱ्यावर जाकीट. तळ्यामागे जुनं पंपघर होतं, तेवढ्या पट्ट्यात ती त्याला दिसायची नाही. पण पुढच्या वळणावर चमकत्या पट्ट्या दिसायच्या आणि त्याला हायसं वाटायचं.

आणि काय पळत होती पोरगी! दिवसागणिक तिचा वेग वाढत होता. सुरुवातीला तो निवांत गल्ली ओलांडायचा, आता त्याला धापा टाकत पोचावं लागे. शेवटच्या वळणावर तर ती अशी सुसाट जायची की बोक्याचा ऊर भरून यायचा. पोरगी चाचणीत पहिली येणार, तो झाडाआडून स्वतःशीच म्हणायचा. दुकानात तो मापं काढणाऱ्या शिंप्यालाही सांगून आला होता.

त्या दिवशी मात्र गजर वाजला नाही. बोका डोळे चोळत स्वयंपाकघरात आला तेव्हा बायको चहा गाळत होती आणि टिल्ली खाली बसून बूट घालत होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिघं एका वेळी उठलेली. आज टोपी पहिल्या वळणावर वेळेत पोचत नाही, या विचारानं बोक्यानं उभ्या उभ्याच चहा ओतून घेतला आणि जीभ भाजून घेतली.

"हे काय गं?" टिल्लीची आई म्हणाली.

टिल्लीच्या खिशातून काहीतरी फरशीवर पडलं होतं. आईनं उचललं. घरातला मोठा स्क्रू ड्रायव्हर.

"पळायला जातेयस की पंखा दुरुस्त करायला?"

"असू दे गं आई. दे इकडे."

"टिल्ले, माझ्याकडे बघ. कशाला हवाय हा?"

टिल्लीनं नाडीची गाठ मारली, पुन्हा सोडली, पुन्हा मारली. मग मान वर न करता म्हणाली, "सांगते, पण पळणं बंद कर म्हणणार नाही असं आधी कबूल कर. माझ्या मागावर माणसं आहेत."



"माणसं म्हणजे?" आईनं विचारलं.

"तिघं तरी आहेत. रोज असतात. एक लाल टोपीवाला, एक मफलरवाला, एक राखाडी जाकीटवाला. एक मागे राहिला की पुढच्या वळणावर दुसरा उभा. झाडाआड. मी आले की तोंड फिरवतात. एकमेकांना फोन करून सांगत असणार मी कुठवर आले ते." तिनं नाडी करकचून ओढली. "पहिले काही दिवस वाटलं, भास असेल. आता मी शेवटच्या वळणावर जीव घेऊन पळते, आई. छाती फुटेल असं वाटतं, तरी थांबत नाही."

चुलीतलं लाकूड डोक्यात घातलं असतं तरी बोक्याला इतकं लागलं नसतं.  शेवटच्या वळणावरचा तो वेग! आपण ज्याच्यावर खूश होऊन घरी यायचो, शिंप्याला सांगत सुटायचो, तो वेग म्हणजे पोरगी आपल्याला भिऊन पळत होती. आपल्याला. त्याला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, आणि इथे तर हात तिन्ही अवतारांतून दाखवले होते.

सांगून टाकावं, त्यानं ठरवलं. रागावेल, अबोला धरेल, पण भीती तरी जाईल. त्यानं कप खाली ठेवला, घसा साफ केला, आणि तेवढ्यात टिल्लीच पुढे बोलली.

"पण आता काळजी नाही. सायकलवाले काका आहेत."

"कोण सायकलवाले काका?"

"पंपघरापाशी असतात. सायकलला पिशवी अडकवलेली असते बघ. चांगले आहेत, वयस्कर आहेत. बाबा, तुम्हीच म्हणाला होता ना, भीती वाटली तर एकटं राहू नकोस, भल्या माणसाजवळ जाऊन उभी राहा? त्या दिवशी मफलरवाला फारच जवळ दिसला, म्हणून मी काकांपाशी जाऊन थांबले. ते म्हणाले, मीही बघतोय त्या लोकांना. टोळी आहे. तिघं नाहीत, पाचसहा आहेत. परवा त्यांनी टोपीवाल्याची गचांडी धरली आणि दोन मुस्काटात ठेवून दिल्या. पाया पडला म्हणे तो त्यांच्या."

बोक्याचा हात आपोआप गालावर गेला.

गाल जागच्या जागी होता. त्यावर परवा कुणीही हात उचललेला नव्हता. कुणी गचांडी धरली नव्हती, तो कुणाच्या पाया पडला नव्हता. टोळी नव्हती. पाचसहा माणसं नव्हती. जगात ही गोष्ट नक्की माहीत असलेला एकच माणूस होता आणि तो या स्वयंपाकघरात भाजलेली जीभ घेऊन उभा होता. तो सायकलवाला धादांत खोटं बोलत होता.

कशासाठी?

"आज ते मला पलीकडच्या वाटेनं नेणार आहेत," टिल्ली सांगत होती. "बंद गोदामांच्या मागून. त्या बाजूला हे लोक येत नाहीत म्हणे. मी पळायचं, ते सायकलवर बरोबर राहतील. घरी सांगू नकोस म्हणाले होते, घरचे उगाच घाबरून पळणं बंद करतात म्हणून. पण आईनं हा स्क्रू ड्रायव्हर बघितला, मग काय करू?"

 बोक्यानं त्या माणसाला पाहिलं होतं! पंपघराच्या अलीकडच्या कडेला रोज पाहिलं होतं. चाकात हवा भरत बसलेला, अंगात स्वेटर, सायकलला पिशवी. बोक्याचा सगळा जन्म संशय घेण्यात गेलेला, पण त्याचा संशय एकाच वळणाचा. चोर इकडे तिकडे बघतो, हे दुकानानं त्याला शिकवलेलं. हा माणूस कधी इकडे तिकडे बघत नव्हता. तो फक्त टिल्लीकडे बघत होता, आणि जो एकाच ठिकाणी बघतो तो माणूस बोक्याला सज्जन वाटला होता. बरं, रोज एवढी हवा कुठल्या चाकाला लागते, हासुद्धा प्रश्न त्याला पडला नाही.

"जायचं नाही," तो म्हणाला.

"हे बघ, झालं सुरू!" टिल्ली उठली. "म्हणूनच सांगत नव्हते."

"टिल्ले, तो माणूस खोटारडा आहे. टोळी वगैरे काही नाही."

"तुम्हाला काय माहीत?"

"टोपीवाला मी आहे."

टिल्लीच्या आईनं गॅस बंद केला.

"मफलरवाला मी. जाकीटवाला पण मीच. मला कुणी मुस्काटात मारली नाही."

टिल्ली हसली. खरंच हसली. "बाबा, मला थांबवायला इतकं फेकू नका हो. जरा पटेल असं तरी सांगा."

मग बोक्यानं डब्याची पिशवी उचलली आणि ओट्यावर रिकामी केली. डबा निघाला. त्याखालून लाल टोपी, काळा मफलर, राखाडी जाकीट. बायकोनं तोंडावर हात नेला. टिल्लीचं हसू ओठांवर राहिलं आणि डोळ्यांतून गेलं. ती एक पाऊल मागे सरकली. मग आणखी एक. पाठ भिंतीला टेकेपर्यंत ती मागे सरकत गेली, आणि आपली पोटची पोर आपल्यापासून अशी मागे सरकताना बघून बोक्याला वाटलं, आता धरणीनं पोटात घ्यावं.

"तुझ्या काळजीपोटी केलं गं," तो म्हणाला. "रोज असायचो. एक दिवस चुकवला नाही. तू पडलीस ना तिसऱ्या वळणावर, गुडघा फुटला, त्या दिवशीसुद्धा तिथंच होतो मी."

हे सांगून आपली बाजू सावरेल असं त्याला वाटलं. माणूस बुडायला लागला की काडीचा आधार धरतो, पण याची काडी निखाऱ्याची निघाली.

"तुम्ही तिथे होता?" टिल्लीनं अगदी हळू विचारलं.

"झाडामागे."

"मी जाकीटवाल्याला बघून दचकले म्हणून पडले. रस्त्यावर बसून रडत होते. उठता येत नव्हतं मला."

"हो."

"तुम्ही बघत होता?"

"हो."

"मग आला का नाहीत?"

बोक्याजवळ उत्तर होतं. तेच तर वाईट होतं. उत्तर तयार होतं आणि ते खरं होतं.

"ओळखलं असतंस," तो म्हणाला.

बायको मटकन खुर्चीवर बसली. "अहो, तुम्ही माणूस आहात की कोण आहात?" असं ती म्हणाली, आणि ती थट्टेनं बोलत नव्हती. बोक्यानं तिच्याकडे बघितलं, टिल्लीकडे बघितलं, आणि दोघींपैकी कुणाच्याही नजरेला त्याला नजर देता येईना.

तेवढ्यात टिल्लीचा फोन थरथरला. तिनं खिशातून काढला, वाचला, आणि पुन्हा एकदा वाचला.

"काय झालं?" आई म्हणाली.

"काकांचा आहे. 'खाली आलोय. ये.' असं लिहिलंय." टिल्लीनं फोन दोन्ही हातांनी धरला होता. "आमचं पंपघरापाशी भेटायचं ठरलं होतं. मी त्यांना नंबर दिला होता, आई. घर सांगितलं नव्हतं. गल्लीसुद्धा नाही सांगितली."

आई खिडकीपाशी धावली, बोका तिच्या मागे. खाली दिव्याच्या खांबाला टेकून सायकल उभी होती. शेजारी तो. स्वेटर, पिशवी, पायांत चपला. ओळखीच्या शेजाऱ्याची वाट बघावी तसा निवांत उभा होता. वर खिडकीत हालचाल झाली तशी त्यानं मान वर केली. बोक्याला पाहून तो गडबडला नाही, दचकला नाही. त्यानं हात कपाळापर्यंत नेला आणि रोजच्या ओळखीतल्या माणसाला करतात तसा सलाम केला.

"अहो, ओळखता तुम्ही याला?" बायको कुजबुजली.

"नाही."

"मग तो तुम्हाला कसा ओळखतो?"

आता बोक्याला उलगडा झाला. टिल्ली धावत, वाट बदलत, चुकवत घरी यायची, तिच्या मागे येणं सोपं नव्हतं. पण बोका तिच्यानंतर सावकाश परत यायचा. पाकीट घरात विसरलं म्हणत कधी दोन घास खाऊन जायचा. आरामात, मान खाली घालून, टोपी खिशात कोंबत. त्यानं एकदाही मागे वळून बघितलं नव्हतं. मागे वळून बघायची त्याला सवयच नव्हती, कारण मागे तो स्वतः असायचा. ज्यानं उभा जन्म लोकांचा माग काढला त्याचाच कुणीतरी माग काढला होता आणि थेट दारापर्यंत आला होता. टोपी, मफलर आणि जाकीट एकाच माणसाचे आहेत हे टिल्लीला कळलं नाही, त्या माणसाला पहिल्याच दिवशी कळलं असणार. बापाच्याच भीतीनं पोरीला हाकत हाकत आपल्याकडे आणायचं, हे त्यानं किती थंड डोक्यानं ठरवलं असेल! आणि बापानं रोज न चुकता त्याला हातभार लावला होता.

बोका दाराकडे धावला. त्याला खाली जायचं होतं, त्या माणसाच्या नरडीचा घोट घ्यायचा होता. त्यानं कडीला हात घातला, ती अर्धी सरकवली.

"थांबा."

टिल्ली भिंतीपासून पुढे आली होती. तिनं त्याच्या हातावरून हात नेऊन कडी पुन्हा लावली, वरची खिट्टीही सरकवली. त्याच्या हाताला आपला हात लागणार नाही एवढी काळजी तिनं घेतली, आणि ते त्याच्या लक्षात आलं.

"तुम्ही कुठेही जायचं नाही," ती म्हणाली. "आई, खिडकीतून हलू नकोस. तो कुठल्या बाजूला जातो ते बघत राहा. चेहरा लक्षात ठेव."

"टिल्ले, मी फक्त..."

"बाबा, गप्प बसा."

जन्मात ती त्याच्याशी अशी बोलली नव्हती. बोका दारापासून बाजूला झाला. तिनं पोलिसांचा नंबर लावला आणि फोन कानाला धरला. दुसरा कान मोकळा ठेवून ती उभी होती, पाय घट्ट रोवून, आणि तिचे शब्द स्पष्ट होते. आपण रोज तळ्याला पळायला जातो, आपला पाठलाग होतोय, पाठलाग करणारा आता घराखाली उभा आहे. सगळं तिनं नीट सांगितलं.

पलीकडून एका बाईचा आवाज येत होता. स्वयंपाकघर इतकं शांत होतं की बोक्याला तो शब्दन् शब्द ऐकू आला.

"दार आतून बंद आहे ना? बाहेर पडू नका, गाडी निघतेय. मला एवढं सांगा, पाठलाग करणारे एकूण किती जण आहेत?"

टिल्लीनं ओट्यावरच्या टोपीकडे बघितलं. मग मफलरकडे, जाकिटाकडे. मग बोक्याकडे. आई खिडकीतून मान वळवून तिच्याकडेच बघत होती.

"दोन," टिल्ली म्हणाली. "एक खाली उभा आहे. त्याला मी ओळखत नाही."

"आणि दुसरा?"

बोक्यानं नकळत मान हलवली. नको, अशी. ती बघत होती, तरी थांबली नाही.

"दुसरे माझे बाबा," ती म्हणाली, आणि घराचा पत्ता सांगू लागली.